भाग्यश्रीची तारीख

भाग्यश्री नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. इंजिनात बसणारे बोटभर लांबीचे पोलादी भाग ट्रेमधून तिच्या टेबलावर येतात, ती त्यांची मापं घेते आणि बसतील ते पुढं पाठवते. नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. माल न्यायला ट्रक गेटवर उभा होता आणि ट्रेमधल्या दर चार-पाच भागांत एक भाग मापात बसत नव्हता. गोटीराम नावाचे सुपरवायझर तिच्या डोक्यावर उभे राहून म्हणाले, "केसाएवढा तर फरक आहे, जाऊ दे ना." भाग्यश्रीनं आणखी तीस भाग मोजले, लाल कार्ड लावलं आणि ट्रक रिकामा गेला. गोटीराम पंधरा दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पुढं कायम करायच्या यादीत तिचं नाव त्यांनीच पहिलं घातलं.

माहेर चांदवड तालुक्यातलं, कांदेवाल्यांचं. सासर मखमलाबादला, गुलाब आणि झेंडूचं. सासरे मोतीराम, ज्यांना सगळे नाना म्हणतात, आणि नवरा सोमनाथ पहाटे फुलं तोडून गणेशवाडीच्या फुलबाजारात पोचवतात. सासू नवसाबाई घर, गडी आणि गल्ली तिन्ही सांभाळते. भाग्यश्री स्कूटीवरून अंबडला जाते-येते. लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. तिची पाळी पहिल्यापासून लांबणीची, कधी अडतीस दिवसांनी तर कधी चाळीस. नवसाबाईचे सगळे देव आणि दोन वैद्य करून झाले होते.

मग जानेवारीच्या शेवटी चुलतभावाच्या लग्नाला ती माहेरी गेली आणि हळदीच्या दिवशी तिला मळमळायला लागलं. तिची आई गोजराबाई तिला घेऊन चांदवडला सोनोग्राफीला गेली. पडद्यावर करड्या अंधारात वालाच्या दाण्याएवढं काहीतरी लुकलुकत होतं. डॉक्टर म्हणाले, आठ आठवडे. त्या आनंदात लग्नघरी परतताना तो कागद गोजराबाईच्या पिशवीत गेला आणि तिथंच राहिला.

नाशिकला आल्यावर तिनं घराजवळच्या हॉस्पिटलात नाव घातलं. काउंटरवरच्या मुलीनं शेवटच्या पाळीची तारीख विचारली, गोल चकतीवर फिरवून पाहिली आणि कार्डावर लाल शाईनं लिहिलं: दोन सप्टेंबर. ती तारीख सगळ्या घराच्या तोंडात बसली. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत निघालं की बाळ दहा दिवसांनी मागं आहे. नवसाबाईनं डिंकाचे लाडू आणि तुपाचा मारा सुरू केला. आठव्या महिन्यातही तेच निघालं. लाडू वाढले.

दोन सप्टेंबरला गौरी विसर्जन होतं. "माझ्या नातवाला गौरी घेऊन येतायत," असं नवसाबाई गल्लीभर सांगून बसली होती. गौरी गेल्या, गणपती गेले, बाळ काही आलं नाही. आणि पितृपक्ष लागला.

आठ तारखेला भाग्यश्री नवसाबाईला घेऊन तपासणीला गेली. डॉक्टर मालिनी दीक्षित पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी तपासलं आणि हात धुता धुता सांगितलं, "पिशवीचं तोंड अजून पूर्ण बंद आहे. बाळ वरच आहे. उद्या एकेचाळीस आठवडे पूर्ण होतात. उद्या सकाळी ॲडमिट हो, कळा आणाव्या लागतील."

"आणखी थांबलं तर?"

"वार जुनी व्हायला लागते. बाळाला मिळायला हवं ते कमी मिळतं, पाणी कमी होतं. बहुतेकांचं काही बिघडत नाही, पण धोका दिवसागणिक वाढत जातो. त्यात तुझं बाळ पहिल्यापासून मागं आहे. म्हणून मला थांबायचं नाही."

"आणि कळा आणून नाही आल्या तर?"

"तर ऑपरेशन."

रिक्षातून घरी उतरल्या उतरल्या नवसाबाईनं पदर खोचला. "बळंच कळा आणल्या की शेवटाला कापतातच. आपल्या दिशाचं काय झालं? सकाळी सुई टोचली, संध्याकाळी पोट फाडलं." दिशा म्हणजे भाग्यश्रीची नणंद, सिडकोत दिलेली. "आणि पितरांच्या पंधरवड्यात कोणी लेकरू ओढून काढतं का?"

भाग्यश्रीनं फाइल घेतली, पलंगावर सगळे कागद तारखेनं लावले आणि पाचव्या महिन्याचा आणि आठव्या महिन्याचा असे दोन कागद शेजारी ठेवले. दोन्हीकडे बाळ दहा दिवसांनी मागं. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. जे बाळ नीट वाढत नाही ते पाचव्यात दहा दिवस मागं असेल तर आठव्यापर्यंत आणखी मागं पडायला हवं. हे पडलं नव्हतं. ते आपल्या चालीनं बरोबर चाललं होतं, फक्त दहा दिवस उशिरा निघालं होतं. कारखान्यात असं झालं की ती मालात खोट काढत बसत नसे. सगळी मापं सारख्याच फरकानं चुकतात तेव्हा माल चांगला असतो, मोजायचं हत्यारच शून्यावर नसतं.

तिला चाळीस दिवसांनी पाळी येते. गोल चकती सगळ्या बायकांना अठ्ठावीस दिवसांच्या धरते.

तिनं चांदवडला फोन लावला. "माय, जानेवारीत आपण सोनोग्राफी केली होती, त्याचा कागद कुठं आहे?"

"असंल की पेटीत. काय झालं?"

"शोध. आजच शोध. आणि भाऊला सांग, फोटो काढून पाठव."

भाऊ कांद्याची रोपं घेऊन लासलगावकडं गेला होता. गोजराबाईला फोनवर फोटो काढता येत नव्हता आणि वाचताही येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ती मखमलाबादच्या दारात उभी राहिली. पहाटेची एसटी धरून, पुढं रिक्षा करून आलेली, खांद्याला कापडी पिशवी.

"मला काय कळतंय कोणता कागद ते," ती पायरीवर टेकत म्हणाली, "तुझं नाव लिवल्यासारखं वाटलं ते सगळं आणलंय."

पिशवीतून भाग्यश्रीची दहावीची गुणपत्रिका निघाली, जातीचा दाखला निघाला, डिप्लोमाच्या फीच्या पावत्या, एक लसीचं कार्ड, आणि सर्वांत खाली, चार घड्या घातलेला, कडेला हळदीचं बोट लागलेला तो कागद. आठ आठवडे, शून्य दिवस. खाली छापलेली अंदाजे तारीख: बारा सप्टेंबर.

दहा वाजता त्या दोघी हॉस्पिटलात होत्या. भाग्यश्रीनं ॲडमिट व्हायची पिशवी सोबत घेतली होती, पण ती काउंटरवर दिली नाही. आधी डॉक्टरांच्या टेबलावर तीन कागद ओळीनं ठेवले.

"मॅडम, माझी पाळी चाळीस दिवसांची आहे. हा पहिला रिपोर्ट बघा. नंतरच्या दोन्हीत फरक तेवढाच आहे, वाढलेला नाही. मला वाटतं बाळ मागं नाहीये. तारीख पुढं आहे."

डॉक्टरांनी चष्मा लावला. पहिला कागद वाचला, मग दुसरा, मग परत पहिला. टेबलावरचं कॅलेंडर ओढून पेन्सिलीनं आठवडे मोजले.

"हा आधी का नाही दाखवलास?"

"कुणी मागितला नाही, मॅडम."

"मागायला हवा होता," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्या तीन महिन्यांतलं माप सगळ्यात खरं. त्यानंतर प्रत्येक बाळ आपल्या वळणानं वाढतं." त्यांनी कार्डावरची लाल तारीख खोडली, बाजूला बारा सप्टेंबर लिहिलं आणि सही केली. मग भाग्यश्रीला आडवं करून पोटाला पट्टा बांधला आणि वीस मिनिटं बाळाचे ठोके कागदावर उतरवले. पाणीही पाहिलं. सगळं ठीक होतं.

"आज घरी जा. दर दोन दिवसांनी पट्टा लावायला ये. बाळाची हालचाल रोज मोजायची, जेवल्यावर डाव्या कुशीवर पडून. कमी वाटली तर फोन करत बसायचं नाही, सरळ यायचं. आपण एकोणीसपर्यंत थांबू. त्या दिवशी एकेचाळीस आठवडे खरोखरचे होतील. त्यापुढं मी थांबणार नाही."

"मी पण नाही," भाग्यश्री म्हणाली.

घरी ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली आणि पसरता पसरता तिचा आकार बदलला. संध्याकाळपर्यंत नवसाबाई ओट्यावर बसून सांगत होती की आमच्या सुनेनं डॉक्टरणीची चूक पकडली. पिकलं की फळ आपोआप पडतं, डॉक्टरला काय कळतं. गोजराबाई दोन दिवस राहून गेली. कांद्याची रोपं टाकायची होती. जाताना लेकीच्या कानाशी लागून म्हणाली, "तुझ्या मनानं घेशील ते कर. कळ आली की मला सांग, मी येते."

मग वाट पाहणं सुरू झालं. बारा तारीख आली आणि गेली. भाग्यश्री सकाळी शेताच्या बांधावरून चालून यायची, दुपारी डाव्या कुशीवर पडून लाथा मोजायची आणि कॅलेंडरवर लिहायची. दिवसाला पंधरा-वीस फोन यायचे. "काय गं, अजून नाही?" असं मावशी विचारायची, आतेबहीण विचारायची, कारखान्यातल्या मुली विचारायच्या, जिचा नंबरही ओळखीचा नाही अशी कुणी विचारायची. तेरा तारखेला तिनं फोन बंद करून सोमनाथकडे दिला. "कुणी विचारलं तर सांगा, झालं की पेढे मिळतील."

पायांवर सूज होती. झोपायला कूस सापडत नव्हती. बसलं की उठता येत नव्हतं आणि उठलं की बसावंसं वाटत होतं. दशमीला घरात आजेसासऱ्यांचं श्राद्ध झालं. गवारीची भाजी, आळूच्या वड्या, कढी, तांदळाची खीर. नानांनी कावळ्यासाठी पान ठेवलं. भाग्यश्री भिंतीला टेकून बसली होती. जेवायला आलेली भावकीतली एक बाई तिच्या पोटाकडे बघत म्हणाली, "दहावा महिना लागला की काय? मुलगा असंल, मुलं आळशी असतात."

"हिशोबानं तारखेवर चौथाच दिवस आहे, मामी," भाग्यश्री म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती पाचवा म्हणाली आणि त्याच्या पुढच्या दिवशी सहावा. सतरा तारखेच्या तपासणीत ठोके चांगले होते, पण पाणी थोडं कमी झालं होतं. घाबरण्याइतकं नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. तोंड बोटभरही उघडलं नव्हतं.

अठराच्या संध्याकाळी तिनं पिशवी पुन्हा भरली. जुने सुती गाऊन, मऊ लुगड्याचे चौकोन, टोपडं. नवसाबाई दारात येऊन उभी राहिली.

"हे काय चाललंय?"

"उद्या एकोणीस आहे, आई."

"उद्या तेरस. रविवारी अमावास्या, सोमवारी घट बसतायत. तीन दिवसांचा प्रश्न हाय. लेकरू देवीच्या दिवसात आलं तर काय बिघडलं? तूच डॉक्टरांना सांगितलंस ना, तारीख पुढं हाय म्हणून. आता तूच घाई करती?"

सोमनाथ खाटेवर झेंडूच्या करंड्या दोरीनं बांधत होता. घटस्थापनेला माल दुप्पट लागतो. शेतात गडी लावले होते. त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. "तीन दिवस थांबता येईल का, असं फक्त विचारून बघ," तो म्हणाला.

भाग्यश्री पलंगावर बसली. तिला राग आला होता, पण तो तिनं आवाजात येऊ दिला नाही.

"आई, त्या दिवशी मी मॅडमचं ऐकलं नाही कारण माप चुकलं होतं. मी ते दुरुस्त केलं. त्या दुरुस्त केलेल्या मापानं उद्या एकेचाळीस आठवडे होतात. आता आकडा मला आवडत नाही म्हणून तोच खोटा म्हणू? मग त्या दिवशी मी खरं बोलले की सोयीचं बोलले?"

"मला तुझं पोट फाडलेलं बघायचं नाय," नवसाबाई एकदम म्हणाली. "मला पितरांचं काय पडलंय. दिशा महिनाभर उठू शकली नव्हती. तुझं तसं झालं तर?"

इतके दिवस भाग्यश्रीला वाटत होतं की सासू पितरांवरून अडून बसली आहे आणि सासूच्या मनात पितर नव्हतेच.

"कापायला लागलं तर कापून घेईन, आई. मला पण भीती वाटते. पण पाणी कमी व्हायला लागलंय. तीन दिवस मी लाथा मोजत बसले आणि त्यात एक दिवस मोजायला काही आलंच नाही, तर मी कुणाला दोष देऊ?"

नाना बाहेर पाण्याचा पाइप गुंडाळत होते. त्यांनी पाइप ठेवला आणि आत आले. दिवसभरात दहा वाक्यं बोलले तर बोलले असा माणूस. "सकाळी माल उतरवून साडेसातला गाडी परत येती," ते म्हणाले. "त्याच गाडीनं जाऊ."

एकोणीसला सकाळी आठला झेंडूचा वास मारणाऱ्या पिकअपमध्ये नाना, सोमनाथ आणि मध्ये भाग्यश्री असे तिघं बसले. नवसाबाई रिक्षानं मागून आली. येणार नाही असं रात्री म्हणाली होती.

नऊ वाजता पहिलं जेल ठेवलं. सिस्टर स्नेहा नावाची मुलगी होती, भाग्यश्रीपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. "हे तोंड मऊ करायला," ती म्हणाली. "लगेच काही होईल असं समजू नका. पहिल्या बाळाला एक दिवस, दीड दिवस सहज लागतो. तास मोजत बसलात तर थकाल."

भाग्यश्रीनं तास मोजले नाहीत. तासभर पडून राहिली, मग कॉरिडॉरमध्ये चालत राहिली. कॉरिडॉरच्या टोकाला खिडकी होती, खिडकीतून एक शेवग्याचं झाड आणि त्यामागं रामशेजचा डोंगर दिसायचा. खिडकीपर्यंत जायचं, डोंगर बघायचा, परत यायचं. दुपारी ओटीपोटात जरासं ओढल्यासारखं झालं आणि थांबलं. शेजारच्या खाटेवरची बाई सकाळी अकराला ऑपरेशनला गेली आणि साडेबाराला बाळ घेऊन परत आली. तिची आई भाग्यश्रीला म्हणाली, "कशाला हाल करून घेता, बाई. अर्ध्या तासाचं काम."

"तिला गरज असेल," भाग्यश्री म्हणाली. "माझी अजून बघायची आहे."

संध्याकाळी तपासलं तर तोंड मऊ झालं होतं, एक बोट उघडलं होतं. दुसरं जेल ठेवलं. रात्र कळांच्या आणि डुलक्यांच्या तुकड्यातुकड्यांत गेली. शनिवारी सकाळी सातला डॉक्टर आल्या तेव्हा तीन सेंटिमीटर झालं होतं. त्यांनी पाणमोट फोडली. पाणी स्वच्छ होतं, त्यांनी ते भाग्यश्रीला मुद्दाम सांगितलं. मग कळांचं सलाइन लावलं.

आतापर्यंतच्या कळा म्हणजे नुसती ओळख होती हे तिला नऊ वाजता कळलं. सलाइनच्या कळांना मध्ये श्वास घ्यायला जागा नसते. एक उतरायच्या आत दुसरी वर यायची. तिनं ठरवलं होतं की कळा किती मिनिटांनी येतात ते लिहायचं. वही उशाशी तशीच राहिली. तिला आपला आवाज ऐकू यायचा आणि तो आपलाच आहे हे जरा उशिरानं लक्षात यायचं. नवसाबाईला आत थांबायची परवानगी मिळाली होती. ती कमरेच्या मणक्यापाशी तळहाताचा मनगटाकडचा भाग रोवून दाबत होती. तिला कुणी शिकवलं नव्हतं. प्रत्येक कळेला ती दाबायची आणि उतरल्यावर सोडायची, तोंडानं एक शब्द न काढता.

साडेअकराला पट्ट्याच्या मशिनचा आवाज बदलला. टकटक टकटक चाललं होतं ते मंदावलं. स्नेहानं सलाइन बंद केलं, भाग्यश्रीला डाव्या कुशीवर वळवलं आणि डॉक्टरांना बोलावलं. मिनिटभरानं ठोके वर आले. भाग्यश्रीला ते एक मिनिट अजून आठवतं. त्यात तिनं काही विचार केला नाही, ती फक्त ऐकत होती.

डॉक्टर पलंगाशी आल्या. "कळेच्या भारानं बाळाचे ठोके उतरले होते. आता बरे आहेत. सहा सेंटिमीटर झालंय. सलाइन कमी वेगानं परत सुरू करते आणि लक्ष ठेवते. पण पुन्हा उतरले आणि वर यायला वेळ लागला, तर मी तुला थिएटरमध्ये घेणार."

"संमतीचा कागद आहे ना एक?" भाग्यश्रीनं विचारलं.

"आहे. लागला तर—"

"आत्ता द्या. सही करून ठेवते. मग ऐन वेळी माणसं शोधत बसायला नको."

डॉक्टरांनी स्नेहाकडे पाहिलं. स्नेहानं कागद आणला. भाग्यश्रीनं दोन कळांच्या मधल्या जागेत तो वाचला, जेवढा वाचता आला तेवढा, एका ठिकाणी काय लिहिलंय ते विचारलं आणि सही केली. सही वेडीवाकडी आली. नवसाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं अडवलं नाही. खाली साक्षीदाराची जागा रिकामी होती. स्नेहानं विचारल्यावर तिनं पेन हातात घेतलं आणि न-व-सा-बा-ई असं एकेक अक्षर पाडत नाव लिहिलं.

कागद टेबलावर पडून राहिला. ठोके पुन्हा दोनदा उतरले, दोन्ही वेळा लगेच वर आले. एक वाजता आठ सेंटिमीटर. अडीचला पूर्ण. मग जोर करायला सांगितलं. भाग्यश्री पाऊण तास जोर करत होती. अंगात काही उरलं नाही असं तिला तीनदा वाटलं आणि तिन्ही वेळा काहीतरी उरलेलं निघालं. डोकं दिसायचं आणि परत आत जायचं. डॉक्टर म्हणाल्या, "तू दमलीस, बाळही दमलंय. बाळाच्या डोक्याला व्हॅक्यूमची वाटी लावून मी ओढते, तू माझ्याबरोबर जोर कर. एकदाच."

एकदाच नाही, दोनदा लागला. तीन वाजून वीस मिनिटांनी मुलगी झाली.

ती लगेच रडली नाही. स्नेहानं पाठ चोळली, तळव्यावर टिचकी मारली, आणि मग ती रडली, बारीक, चिडलेल्या आवाजात. दोन किलो नऊशे ग्रॅम. डोकं वाटीच्या ओढीनं वरून निमुळतं झालेलं, कातडी हातापायांवर सुटायला लागलेली, नखं इतकी वाढलेली की गालावर एक ओरखडा होता.

डॉक्टरांनी वार उलटसुलट करून पाहिली. "कडा पिकायला लागल्या होत्या," त्या म्हणाल्या. भाग्यश्रीनं विचारलं, "सोमवारपर्यंत थांबले असते तर?"

"कदाचित काहीच झालं नसतं," डॉक्टर म्हणाल्या. "कदाचित झालं असतं. ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून तर थांबायचं नसतं." बाहेर जाताना त्या दारात थांबल्या. "तू तो कागद आणलास त्या मंगळवारपासून आम्ही नाव घालतानाच पहिला रिपोर्ट मागतो. फॉर्मवर तशी ओळ घातली आहे."

नवसाबाईनं बाळ मांडीवर घेतलं. निमुळतं डोकं, आठ्या पडलेलं कपाळ, मिटलेले ओठ. ती बराच वेळ निरखत होती.

"पितरांच्या दिवसात आली," ती शेवटी म्हणाली. "कोण आलंय ते कळलं मला. ही आमची सासू हाय. असंच तोंड करून बसायची, काय केलं तरी पसंत नसायचं."

भाग्यश्रीला हसू आलं आणि टाके ओढले गेले.

गोजराबाई संध्याकाळी पोचली. सोमनाथ अमावास्येला दिवसभर हॉस्पिटलात राहिला. घटस्थापनेचा माल नानांनी एकट्यानं बाजारात नेला आणि उरलेली एक करंडी परत आणून नर्सेसना वाटली. मंगळवारी सगळे घरी आले. बाराव्या दिवशी मुलीचं नाव आभा ठेवलं.

भाग्यश्रीला बरं व्हायला सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त दिवस लागले. टाके पंधरा दिवस दुखत होते. दूध चौथ्या दिवसापर्यंत नीट उतरलं नाही आणि त्या चार दिवसांत ती जेवढी रडली तेवढी कळांत रडली नव्हती. मुलगी रात्रीचा दिवस करते आणि दिवसाची रात्र. पण मार्चमध्ये ती कामावर जाणार हे ठरलेलं आहे. सोमनाथनं विचारलं, आणखी सहा महिने थांबतेस का, तर ती म्हणाली की आधी मार्च येऊ दे.

आता मखमलाबादच्या त्या गल्लीत कुणाला दिवस गेले की ती बाई नवसाबाईच्या ओट्यावर येऊन बसते. परवा मळ्यातल्या गड्याची, भिकनची बायको आली होती, तिसरा महिना, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एकच कागद. भाग्यश्री आभाला पाजत होती. तिनं एका हातानं कागद घेतला आणि उजेडाकडं धरला.

"मी डॉक्टर नाही, ताई," ती म्हणाली. "पण तुमची पाळी किती दिवसांनी येते ते सांगा आधी."